गोत्र, पत्रिका आणि गिअरबॉक्स

ज्यांच्याकडे मोटार नसते त्यांना मोटारींविषयी सर्वांत जास्त ठाऊक असतं, हे ज्ञान मला वयाच्या दहाव्या वर्षी आमच्या वाड्याच्या ओट्यावर प्राप्त झालं. वाड्यात बिऱ्हाडं अकरा, सायकली सहा आणि मोटारी शून्य. पण रात्री जेवणं उरकली की ‘फियाट दणकट की ॲम्बेसेडर?’ या प्रश्नावर ओट्यावर रोज पानिपत व्हायचं. दोन्ही बाजूंचे सेनापती दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच बसच्या रांगेत मुकाट उभे असायचे.

या लढाईत आमचे मामा मात्र तिसऱ्याच बाजूने उतरत. "मोटार जगात एकच! शेवरले!" मामा तरुणपणी मुंबईला एका शेटजींकडे कामाला होते. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, तो पुढे १९५४ साली बंद पडला. शेटजींची शेवरले त्या कारखान्यातली. मामांनी ती कधी चालवली नाही, धुतली. पण चालवणाऱ्याला नुसता रस्ता दिसतो, धुणाऱ्याला मोटारीचं अंतरंग कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यापुढे फियाटवाले आणि ॲम्बेसेडरवाले दोघेही गप्प बसत, कारण त्यांनी मोटार धुतलीसुद्धा नव्हती.

मला तेव्हा वाटायचं, हे सगळं आपल्या गरिबीमुळे. वस्तू मिळत नाही म्हणून माणूस वस्तूचं नाव चघळतो. ज्या देशात घरटी दोन-दोन मोटारी आहेत, तिथली माणसं मोटारीकडे शहाण्यासारखं बघत असणार. हा गैरसमज दूर व्हायला मला सत्तरी ओलांडून अमेरिकेला जावं लागलं.

आमची मुलगी इंडियाना राज्यातल्या कोलंबसला राहते. कोलंबस म्हटलं की लोकांना ओहायोतलं थोरलं कोलंबस आठवतं, हे धाकटं. मोठमोठ्या वास्तुशिल्पज्ञांनी बांधलेली चर्चं आणि ग्रंथालयं बघायला लोक इथे लांबून येतात. पण पुण्याच्या माणसाला गावाची ओळख वेगळी. कमिन्सची डिझेल इंजिनं या गावची. कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, आणि त्या फाटकावरून मी इतकी वर्षं सायकल हाणली आहे की कोलंबसमध्ये ते नाव पाटीवर दिसताच मला घरी जाऊन भाजी निवडावीशी वाटली. जावईबापू तिथे संगणकावर काम करतात. मोटारीतलं त्यांना किती कळतं? मला क्रिकेटमधलं कळतं तितकं. म्हणजे मत भरपूर, धावा शून्य.

घराच्या डाव्या हाताला फोर्डकाका, उजव्या हाताला शेवरलेकाका आणि समोर डॉजमामा. ही नावं आमच्या सहा वर्षांच्या नातीने ठेवली आणि त्या तिघांनीही ती बिरुदासारखी स्वीकारली. तिघेही साठीच्या पुढचे, तिघांच्याही दारात हत्तीएवढे पिकअप ट्रक. त्या ट्रकांतून ते काय वाहतात? मी तीन महिने नीट लक्ष ठेवलं. फोर्डकाकांनी एकदा गवत कापायचं यंत्र वाहिलं आणि डॉजमामांनी एक सोफा. शेवरलेकाका रोज सकाळी कॉफी आणायला जातात. एवढ्या ट्रकात आमच्या अख्ख्या वाड्याचं बिऱ्हाड मावलं असतं.

पण भक्ती म्हणाल तर पंढरपूरला लाजवील अशी. फोर्डकाकांच्या वडिलांकडे फोर्ड, आजोबांकडे फोर्ड. १९७७ सालापासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पिकअप फोर्डचा, हे वाक्य ते दिवसातून एकदा संध्या केल्यासारखं म्हणतात. शेवरलेकाकांच्या घरी फोर्ड हा शब्द शिवीच्या जागी वापरतात. त्या चार इंग्रजी अक्षरांतून ‘फिक्स ऑर रिपेअर डेली’, म्हणजे ‘रोज दुरुस्त करा’, असा अर्थ काढायची विद्या तिथल्या शेंबड्या पोरालाही येते. मग फोर्डवालेही शेवरलेच्या नावाने काहीबाही जुळवतात. काही ट्रकांच्या मागच्या काचेवर एक द्वाड पोरगं दुसऱ्या कंपनीच्या चिन्हावर खुशाल लघुशंका करताना चिकटवलेलं असतं. वादविवादाची ही पातळी आमच्या ओट्याने सर्वांत वाईट दिवसांतही गाठली नव्हती.

चौथा पंथ आपल्या लोकांचा. इंडियानापोलिसला कुठल्याही मराठी घरी जेवायला जा. श्रीखंडाच्या आधी पानात उपदेश पडतो. "टोयोटा नाहीतर होंडा. तिसरं नाव काढायचं नाही." विचारलं, का हो? तर, "अहो, सगळे तेच घेतात." ज्या माणसांनी ‘सगळे करतात म्हणून’ या कारणाला कंटाळून देश सोडला, ती माणसं! मुलीने दुसऱ्या जातीत लग्न ठरवलं तर हे लोक हसत अक्षता टाकतील, पण जावयाने फोर्ड आणली तर घरात सुतक.

तर, वाचकहो, जावईबापूंना जुनी गाडी घ्यायची होती. चारही पंथांनी त्यांना उपदेश केला. त्यांतल्या एका पंथाचा उपदेश शिरोधार्य मानून त्यांनी एक सात वर्षं जुनी, ऐसपैस, चकचकीत गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते मी सांगणार नाही. उखाण्यात घाला म्हणालात तरी घेणार नाही. तुम्हाला ते नाव ऐकायची जी उत्सुकता आता लागली आहे ना, माझं भांडण तिच्याशीच आहे.

जानेवारीतला रविवार. इंडियानापोलिसला संक्रांतीचा कार्यक्रम आटोपून आम्ही परत निघालो होतो. मुलगी चालवत होती, शेजारी मी, मागे ही आणि नात. बाहेर उणे चौदा. पंचेचाळीस मैलांचा रस्ता निम्मा झाला असेल नसेल, तोच इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पुढे जाईना. आवाज मोठा आणि प्रगती नाही, हा प्रकार मी कचेरीत बत्तीस वर्षं पाहिला होता, त्यामुळे आधी मला हसूच आलं. मग जळका वास आला. मुलीने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

त्या रस्त्यावरून अठरा-अठरा चाकांचे ट्रक ताशी सत्तर मैलांनी जातात. एकेक गेला की आमची गाडी पाळण्यासारखी हलायची. दहा मिनिटांत आतली ऊब गेली. पंधरा मिनिटांत काचांवर आतून बर्फ धरायला लागलं. हिने स्वतःची शाल, माझा मफलर, होतं नव्हतं ते सगळं नातीभोवती गुंडाळलं. पोर आधी बडबडत होती, मग गप्प झाली, मग म्हणाली, "आजोबा, मला पायाची बोटं लागत नाहीयेत." मांडीवर तिळगुळाचा डबा होता. गोड बोलायची तर सोयच नव्हती. मुलगी फोनवर गाडी ओढून नेणाऱ्यांशी बोलत होती आणि ते म्हणत होते, दीड तास.

पंचवीस मिनिटांनी एक पिकअप आमच्या मागे येऊन थांबला. त्यातून दाढीवाला धिप्पाड गृहस्थ उतरला. काही विचारलं नाही, सांगितलं नाही. नातीला उचललं, हिला हात दिला आणि दोघींना आपल्या गरम केबिनमध्ये नेऊन बसवलं. मग आम्हाला. गाडी ओढणारा येईपर्यंत तो तास-सव्वा तास आमच्याबरोबर थांबला. पैसे घेईना. शेवटी हिने तिळगूळ पुढे केला, तेव्हा दोन वड्या घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी वर चढवली आणि गिअरबॉक्सचं तेल काढलं. ते आपल्याकडच्या काजळासारखं होतं. आधीच्या मालकाने नव्वद हजार मैलांत ते एकदाही बदललेलं नव्हतं. त्याचा तरी काय दोष? पुस्तकात लिहिलेलं होतं: हे तेल आजन्म टिकतं. पुष्कळ कंपन्या असं लिहितात. जन्म कोणाचा हे मात्र लिहीत नाहीत. मिस्त्री म्हणाला, "वॉरंटीचा." दुरुस्तीचा आकडा ऐकून जावईबापू भिंतीला टेकले. "पण बाबा, ही कंपनी तर रिलायेबल आहे!" मिस्त्रीने हात पुसले आणि विचारलं, "नाव बघून घेतली ना? आठवं अक्षर बघितलं होतं का?"

त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले. अमेरिकेत १९८१ सालापासून प्रत्येक मोटारीला सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. समोरच्या काचेखाली, चालकाच्या बाजूला कोरलेला. पहिला अंक जन्मस्थानाचा: १, ४, ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. अमेरिकन गाड्यांत आठव्या अक्षरावरून इंजिन कळतं. दहाव्यावरून साल, अकराव्यावरून कारखाना. अहो, ही तर पत्रिका! आणि आपण सगळे, फोर्डकाकांपासून मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत, पत्रिका काचेखाली उघडी पडलेली असताना बॉनेटवरचं गोत्र विचारून लग्न जमवतो.

त्या दिवसापासून मला व्यसन लागलं. सकाळी कानटोपी घालून, चष्मा नाकावर ओढून, मी गल्लीतल्या गाड्यांच्या काचांना नाक लावून पत्रिका वाचायला लागलो. एका घरातून प्रश्न आला, "मी आपली काही मदत करू शकते का?" अमेरिकेत या वाक्याचा अर्थ ‘चालते व्हा’ असा होतो, हे मुलीने नंतर सांगितलं. पण तोवर माझं संशोधन झालं होतं. शेवरलेकाका ज्याच्यावर राष्ट्रध्वज लावून फिरतात तो ट्रक मेक्सिकोत जन्मलेला. डॉजमामांचा ट्रकही मेक्सिकोतला. त्याचं इंजिन आमच्याच कोलंबसच्या दक्षिणेला वॉल्सबरोत तयार होऊन मेक्सिकोला साल्तियोला गेलं आणि ट्रकमध्ये बसून माहेरी परत आलं. आणि चार घरं सोडून राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींची ‘अस्सल जपानी’ टोयोटा कॅमरी? केंटकीची! म्हणजे जवळजवळ शेजारची.

मी हे तिघांना सांगितलं. शेवरलेकाका म्हणाले, "कुठे का बनेना, डिझाइन आमचं." मी म्हटलं, बरं, डिझाइनकडे जाऊ. आणि मग मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासलेला माणूस आहे, हे त्यांना दाखवून दिलं.

१९७७ साली ओल्ड्समोबाइल विकत घेणाऱ्या लोकांना कळलं की आपल्या गाडीत इंजिन शेवरलेचं बसवलंय. दोन्ही जनरल मोटर्सच्याच लेकी, पण ओल्ड्समोबाइल थोरली, जास्त हुंड्याची. लोक कोर्टात गेले, कंपनीला भरपाई द्यावी लागली. फसवणूक ती फसवणूकच, त्याबद्दल वाद नाही. पण गंमत पुढेच आहे. शेवरलेचं ते इंजिन काही वाईट नव्हतं, चांगलं चिवट होतं. आणि १९७८ च्या मॉडेलांत ओल्ड्समोबाइलचं शुद्ध, सोवळ्यातलं स्वतःचं डिझेल इंजिन आलं, ते हेडचे बोल्ट आणि गॅस्केटं उडवून घेण्याबद्दल पुढे इतकं गाजलं की अमेरिकन माणूस कित्येक वर्षं डिझेल मोटारीच्या नावाने कानाला खडा लावून बसला. गोत्र शुद्ध मिळालं. चालली मात्र नाही.

आता फोर्डकाका हसायला लागले होते. त्यांना म्हटलं, थांबा, तुमच्या घरातलंही बघू. फोर्डच्या मोठ्या ट्रकांत १९९४ पासून २००३ पर्यंत ७.३ लिटरचं डिझेल इंजिन यायचं. लाखो मैल मुकाट ओझं ओढणारं. अजूनही लोक ते शोधून शोधून घेतात. २००३ साली त्याच ट्रकात ६.० लिटरचं आलं आणि गॅस्केटं, कूलर, इंजेक्टर यांच्या पायी लोकांनी डोकं धरलं. नाव तेच. ट्रक तोच. आणि ऐका, दोन्ही इंजिनं बनवणारी कंपनीसुद्धा एकच: नॅव्हिस्टार. शेवटी २००७ साली फोर्ड आणि नॅव्हिस्टार एकमेकांवर कोर्टात गेले. मग ‘फोर्डचा ट्रक भरवशाचा का?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? ‘फेब्रुवारीत पाऊस पडतो का?’ असं कोणी विचारलं तर आपण आधी विचारतो ना, की बाबा, कुठल्या गावात?

डॉजमामा शांत होते, कारण त्यांच्या ट्रकात कमिन्स. कमिन्सबद्दल मी वाईट बोलणार नाही. गावचा मान राखायला हवा आणि कोथरूडचाही. १९८९ च्या मॉडेलांपासून डॉजमध्ये येणारं ते ५.९ लिटरचं इंजिन खरोखर थोर. पण नव्वदच्या दशकात त्या भीमामागे जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला होता तो सुदाम्याच्या प्रकृतीचा होता. इंजिन शाबूत आणि गिअरबॉक्स गेलेला, असे ट्रक तिथल्या मिस्त्रींनी रग्गड पाहिलेत. मामांनीच कबूल केलं. म्हणाले, "दोन बदलले. पण त्यात डॉजचा दोष नाही." मग कोणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. भक्त असंच बोलतो. बरं झालं तर देवाने केलं, वाईट झालं तर नशीब.

आणि हा तर कळसच. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी २०१३ साली करार केला आणि दहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोघांनी मिळून विकसित केला. आज फोर्डकाकांच्या आणि शेवरलेकाकांच्या ट्रकांत जे गिअरबॉक्स आहेत ते चुलतभाऊ सोडा, सख्खे भाऊ आहेत. ज्या चिन्हावर ते पोरगं लघुशंका करतंय, त्या चिन्हामागचा गिअरबॉक्स त्याच्याही पायाखाली आहे! शेवरलेच्या सिल्व्हराडोची आणि जीएमसीच्या सिएराची गोष्ट तर विचारूच नका. याच इंडियानात, फोर्ट वेनच्या एकाच कारखान्यातून दोघं बाहेर पडतात. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक सिएरावाले आहेत, ते शेवरलेकाकांना जरा खालच्या पायरीचे समजतात.

यावर आपले मराठी बांधव म्हणतील, आम्ही आधीच सांगत होतो, अमेरिकन गाडी घेऊच नका. थांबा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा मिळून कारखाना होता, १९८४ ते २०१०. (आता तिथे टेस्ला बनते.) त्या कारखान्यात एकाच रांगेतून, त्याच कामगारांच्या हातून दोन गाड्या निघायच्या: एकीवर टोयोटा कोरोला असं नाव, दुसरीवर जिओ प्रिझम. हाडामांसाने एकच. पण जुन्या बाजारात प्रिझमला कोरोलापेक्षा कमी किंमत यायची. डोकं असलेला माणूस प्रिझम घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत सहकुटुंब नायगारा बघून यायचा. आपल्यातले किती जण प्रिझममधून नायगाऱ्याला गेले, हे मंडळाने एकदा हात वर करून मोजावं.

मी टोयोटाचा शत्रू नाही. तिच्या बऱ्याच गाड्या खरोखर टिकतात आणि पाहण्यांमध्ये ती वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असते, हे खरंच आहे. पण २०२४ साली त्याच टोयोटाने २०२२-२३ चे लाखभर ट्रक आणि थोरल्या लेक्सस परत बोलावल्या, कारण इंजिन घडवताना धातूचा कीस आत राहिला होता. आधीच्या पिढीचं ५.७ लिटरचं इंजिन त्याच टुंड्रा नावाच्या ट्रकात दणदणीत चालत होतं. जनरल मोटर्सनेही एप्रिल २०२५ मध्ये २०२१ ते २०२४ ची जवळजवळ सहा लाख वाहनं परत बोलावली, दोष ६.२ लिटरच्या इंजिनात. त्याच सालचा, त्याच नावाचा, त्याच रंगाचा सिल्व्हराडो ५.३ लिटरचा असेल तर त्या यादीत नाही. दोघांत फरक कशाचा? आठव्या अक्षराचा! शेवरलेकाका मधेच उठून बाहेर गेले ते आपलं आठवं अक्षर बघायला, हे मला खिडकीतून दिसलं. परत आल्यावर फार मोकळेपणी हसत होते, तेव्हा ५.३ असणार.

"मग जे. डी. पॉवर काय उगाच बक्षिसं देतात?" जावईबापूंनी विचारलं. जाहिरातीतले ते चषक त्यांनी फार मनावर घेतलेले. उगाच कशाला देतील? पण मोजतात काय ते तरी पाहा. एक पाहणी असते गाडी घेतल्यापासून पहिल्या नव्वद दिवसांची. म्हणजे बारसं झालं की पोराच्या आयुष्याचा निकाल. दुसरी असते तीन वर्षांच्या गाड्यांची. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरं, पण २०२४ साली अमेरिकेच्या रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या वर होतं. ते पाय पाळण्यात कुठून दिसणार? शिवाय शंभर गाड्यांमागे तक्रारी किती, असा हिशेब. त्यात फोन गाडीशी जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्सने हमरस्त्यावर प्राण सोडला हीही एकच. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ त्यापेक्षा बरं. १९३६ पासूनची संस्था, जाहिरात घेत नाही, तपासायला गाड्या स्वतःच्या पैशाने घेते, आणि मॉडेलवार, सालवार माहिती देते. पण लोक ती वही उघडून बघतात काय? कंपन्यांची क्रमवारी! पहिली कोण, शेवटची कोण. आत इतकं सविस्तर लिहिलेलं असताना मुखपृष्ठ वाचून परीक्षेला बसायचं. आणि मोटारींच्या मासिकांचे पुरस्कार म्हणाल तर शेवरले व्हेगा १९७१ सालची ‘कार ऑफ द इयर’ होती. ती पुढे पत्रा गंजण्यासाठी आणि इंजिन तेल पिण्यासाठी प्रसिद्ध झाली. त्या वर्षीची उत्कृष्ट गाडी होती हो. पुढच्या वर्षांबद्दल कोणी शब्द दिला नव्हता.

शब्द कंपन्या वॉरंटीत देतात. तिथे भाट नसतात, वकील असतात. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी फोर्ड पाच वर्षं किंवा साठ हजार मैल देते. शेवरले तेवढंच. टोयोटा तेवढंच! उलट ज्या रॅमला (डॉजचे ट्रक २००९ पासून या नावाने वेगळे राहू लागले) गल्लीतला प्रत्येक जण नावं ठेवतो, तिने २०२६ च्या मॉडेलांसाठी दहा वर्षं आणि एक लाख मैल जाहीर केले. यावरून रॅम सर्वांत चांगली असं डॉजमामा म्हणू लागले. ज्याला उधारी मिळत नाही तो व्याज जास्त देतो, असं फोर्डकाका म्हणू लागले. मी चहा मागितला.

माझ्या बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर हजारो दावे आले. तेल न घातलेलं इंजिन, गंजलेला ब्रेक, घासून गुळगुळीत झालेला टायर, झोपलेला ड्रायव्हर. अमुक कंपनीची म्हणून मेली, अशी एकही गाडी माझ्या फायलीत आली नाही. इंडियानात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खालून चासी खातं, आणि खाताना बॉनेटवरचं नाव वाचत नाही. क्रायस्लरने १९८९ च्या मिनिव्हॅनमध्ये नवा गिअरबॉक्स आणला, त्याला तिचं स्वतःचंच तेल लागायचं. दुसरं घातलं की तो रुसायचा. अशा शंभर गोष्टी. त्या विचारायला कष्ट पडतात. नाव विचारायला काहीच पडत नाही, म्हणून आपण नाव विचारतो, आणि मग त्या नावावर पोरीबाळींना घेऊन उणे चौदात पासष्ट नंबरच्या रस्त्यावर निघतो. याचाच मला राग आहे. विनोदी लेखात राग बरा दिसत नाही, पण नातीच्या बोटांची ऊब परत यायला त्या दिवशी बराच वेळ लागला होता.

गाडी दुरुस्त होऊन गेली, विकली. दुसरी घेताना मी जावईबापूंबरोबर गेलो. विक्रेता कंपनीचा इतिहास सांगत होता. मी काचेखाली वाकून आठवं अक्षर उतरवून घेत होतो. आधीच्या मालकाने तेल बदलल्याच्या पावत्या मागितल्या तेव्हा त्याचा चेहरा आमच्या कचेरीत ऑडिट यायचं तेव्हा साहेबांचा व्हायचा तसा झाला. चौथ्या ठिकाणी पावत्यांचा गठ्ठा मिळाला. म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी वर चढवून अर्धा तास खालून बघितली, चाळीस डॉलर घेतले, मान हलवली. ती गाडी घेतली.

संध्याकाळी तिघेही शेजारी बघायला आले. नेहमीप्रमाणे आधी बॉनेटकडे पाहिलं, हुं केलं, आणि मग संक्रांतीच्या त्या रात्रीचा विषय निघाला. मी सगळं सांगितलं: थंडी, ते ट्रक, नातीची बोटं, तो दाढीवाला माणूस. तिघांचे डोळे पाणावले. डॉजमामांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग थोडा वेळ कोणी बोललं नाही.

शेवटी फोर्डकाकांनी घसा खाकरला. "बाकी सगळं ठीक. पण त्याचा पिकअप कोणता होता?"

मी हिच्याकडे बघितलं, हिने मुलीकडे. सव्वा तास आम्ही त्याच्या केबिनमध्ये बसलो होतो, आणि चौघांपैकी एकानेही नाव बघितलं नव्हतं.

"लाल होता," नात म्हणाली.

फोर्डकाकांचा ट्रक लाल आहे. ते समाधानाने खुर्चीत मागे रेलले. शेवरलेकाका म्हणाले, रात्री लांबून ओळखू येतो तो लाल शेवरलेचाच. डॉजमामा काही बोलले नाहीत; त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि हळूच कानात विचारलं, "पुढे मेंढ्याचं डोकं होतं का गं?"